गोगलगायी चाळायची चाळण: बेळगावात करून घेतलेला तीन थरांचा संच, वापरून लिहितोय

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. पाचपैकी चार. एक मार्क कापलाय तो जाळी आणि पत्र्याच्या सांध्यासाठी, त्याबद्दल खाली सविस्तर आहे, आणि ज्याला सर्व्हेसाठी घ्यायचीय त्याने बाकी काही नाही वाचलं तरी तेवढा भाग वाचावा. बाकी सौंदत्ती, रामदुर्ग, गोकाक, अथणी या बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या कोरड्या पट्ट्यात गोगलगायी शोधायच्या असतील तर कॅमेरा, हेडटॉर्च, भारीतले बूट हे सगळं मागनं घ्या, पहिली चाळण घ्या.

गोगलगायी म्हटलं की आपल्याकडं माणूस सरळ खानापूरकडं तोंड करतो. जांबोटी, कणकुंबी, पावसाळा, ओला पाचोळा, झाडाच्या खोडावर निवांत चाललेली ती बया. ते बरोबरच आहे, घाटात प्रकार जास्त मिळतात यात वाद नाही. पण त्याच जिल्ह्यात पूर्वेला गेलं की पाऊस बघता बघता आटतो, बाभळी, निवडुंग, उघडे माळ, आणि तिथं "इथं कुठल्या आल्यात गोगलगायी" असं सगळेच म्हणतात. आहेत की! फक्त त्या तुम्हाला दिसायला बाहेर येत नाहीत. पावसाळा संपला की दगडाखाली, मुळाच्या बेचक्यात, खडकाच्या भेगेत, किंवा चक्क झाडाच्या खोडाला चिकटून तोंडावर चिकट स्राव सुकवून पापुद्रा धरतात आणि पुढच्या पावसापर्यंत गप पडून राहतात. आणि ज्या मेल्यात त्यांचे शंख मातीत पडलेले असतात. म्हणजे डोळ्याने चालत्या गोगलगायी मोजायला गेलात तर जवळजवळ शून्य, माती चाळायला बसलात तर वहीचं पान भरतं. सगळा खेळ इथंच आहे.

त्यात अजून एक. कोरड्या भागातले बरेच प्रकार पाच मिलिमीटरच्या आतबाहेरचे असतात. क्रिप्टोझोनासारखा मोठा चपटा शंख कुणालाही दिसतो, पोरंसुद्धा आणून देतात. प्युपॉइड्स हा कोरड्या भागातला खास गडी, तो तांदळाच्या कणीएवढा, तपकिरी, आणि मातीत पडला की खड्यात आणि त्याच्यात फरक कळत नाही. नुसतं वाकून बघत फिरणाऱ्याच्या यादीत त्यामुळं सगळे मोठेच येतात आणि मग तो लिहून मोकळा होतो की या माळावर दोनच प्रकार आहेत. शितावरून भाताची परीक्षा इथं चालत नाही.

तर वस्तू काय आहे. एकावर एक बसणाऱ्या तीन गोल चाळण्या आणि तळाला एक बंद ताट. व्यास साधारण फूटभर. रिंग जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची, जाळी स्टेनलेसची. वरची चार नंबर, मधली दहा नंबर, खालची तीस नंबर. नंबर म्हणजे एका इंचात किती घरं बसतात तो, त्यामुळं नंबर वाढला की घर बारीक. सिव्हिलवाल्यांच्या लॅबमधल्या प्रमाणित चाळण्यांच्या हिशेबात ४ नंबर म्हणजे ४.७५ मिलिमीटर, १० म्हणजे २ आणि ३० म्हणजे ०.६. पण बाजारात जी जाळी मीटरवर मिळते तिची तार कधी जाड कधी बारीक असते, नंबर तोच राहतो आणि भोक बदलतं, म्हणून दुकानात भिंग घेऊन जावा आणि पट्टीवर दहा घरं मोजून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

माझी ही चाळण बेळगावात बाजारातल्या एका जुन्या दुकानात करून घेतली. पिठाच्या, रव्याच्या, वाळूच्या चाळण्या, सुपं, घमेली, उंदराचे पिंजरे असला सगळा माल. मालक वयस्कर, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी सांगितलं, खालची जाळी तीस नंबरची पाहिजे.

"रव्याला काय?"

"नाही ओ मामा, गोगलगायीला."

मामांनी चष्मा वर केला. "गोगलगायी चाळून काय करतासा गा? खातासा?"

मग मी खिशातली डबी काढून कापसावरचे चार बारके शंख दाखवले. त्यांनी एक चिमटीत धरायला घेतला, मी म्हटलं मामा दाबू नका, तर त्यांनी तो अलगद तळहातावर घेऊन उजेडाला धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, हे तीस नंबरच्या वर राहील पण उभं पडलं तर दहातनं खाली जाणार बघ. बरोबर ओळखलं! शंख लांबुळका असेल तर आडवा अडकतो आणि उभा निसटतो, त्यामुळं कुठल्या थरात सापडला यावरून आकार ठरवू नये, हे मला कुणी कागदावर शिकवायच्या आधी चाळणीवाल्या मामांनी सांगितलं.

आता प्रत्यक्ष वापर. पद्धत म्हणाल तर साधी आहे, जगभर थोड्याफार फरकाने हीच वापरतात. एक ठराविक चौकोन घ्यायचा, समजा वीस मीटर बाय वीस मीटर, त्यात ठरवलेला वेळ डोळ्याने शोधायचं, आणि मग त्याच चौकोनातनं चार-पाच लिटर पाचोळा आणि वरवरची माती गोळा करून चाळायची. वेळ आणि माप प्रत्येक ठिकाणी तेच ठेवायचं, नाहीतर एका माळाची दुसऱ्याशी तुलनाच करता येत नाही. माती कुठून घ्यायची यात खरी अक्कल आहे. उघड्या माळावरची नको. दगडी बांधाच्या सावलीच्या अंगाला, निवडुंगाच्या कुंपणाच्या बुडाला, मोठ्या दगडाच्या कडेला जिथं वाऱ्याने काडीकचरा साठतो तिथली, वडापिंपळाच्या मुळांमधली. ओढ्याकाठी पुराने आणून टाकलेल्या काडीकचऱ्याची जी रेघ राहते ना, तिच्यात तर मूठभर उचललं तरी शंख असतात, पण ते वरनं कुठनं वाहून आलेत ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून तो माल वेगळ्या पिशवीत आणि वेगळ्या नावाने.

खडक कुठला आहे ते बघा. शंख चुन्याचा असतो, म्हणजे गोगलगायीला चुना कुठनं तरी मिळायला हवा. यादवाड, रामदुर्ग बाजूला कलादगी नावाच्या जुन्या खडकथरातला चुनखडक आहे, सिमेंटवाले उगाच नाही आले तिथं, आणि त्या बाजूच्या मातीत चाळणीत काही ना काही येतंच. उलट गोकाकच्या धबधब्याचा कडा वालुकाश्म-क्वार्टझाईटचा, बघायला देखणा, पण चुन्याच्या नावाने ठणठण, तिथल्या नुसत्या खडकाळ भागात चाळत बसलं की हात दुखतात आणि हाताला फारसं लागत नाही. अथणीकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात त्यामुळं तिथंही बरं जमतं. जुन्या चुन्यात बांधलेल्या भिंतींच्या बुडाला पण छान मिळतात, मात्र किल्ले, जुनी देवळं ही संरक्षित असतात, तिथला दगड हलवायचा नाही, चुना खरवडायचा नाही, पायथ्याला गळून पडलेला पाचोळा तेवढा परवानगी घेऊन. अभयारण्यात, म्हणजे भीमगडसारख्या ठिकाणी, वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय पाचोळासुद्धा उचलू नका.

चाळताना काय होतं ते सांगतो. माती पूर्ण सुकलेली पाहिजे, ही पहिली अट. तिन्ही चाळण्या रचून वरनं दोन ओंजळी टाकायच्या आणि गोल हलवायचं, आपटायचं नाही, आपटलं की पातळ शंख फुटतात. वरच्या थरात दगड, काटक्या, शेरडांच्या लेंड्या, त्यातनं मोठे शंख हाताने उचलून बाकी टाकून द्यायचं. मधल्यात झूटेकस, ॲलोपियस असले उभट शंख, बिया, मुळं. तळाच्या तीस नंबरवर जे राहतं ते बघायला घाई करायची नाही, ते पिशवीत भरून घरी. घरी काळा कागद चिकटवलेला ट्रे, टेबल लॅम्प, दहापट भिंग आणि झिरो नंबरचा ओला ब्रश. चमचाभर माल पसरायचा आणि रांगेनं बघत जायचं. पहिल्यांदा सगळंच शंख वाटतं, पैसा किड्याच्या लेंड्या, गवताच्या बिया, फुटकी कुसळं. मग डोळा बसतो. शंखाला पीळ असतो, वेटोळ्यांच्या मधनं एक बारीक खाच फिरत जाते, ती उजेडाला तिरकी धरली की लगेच उठून दिसते. ब्रशच्या टोकाला ओलं करून टेकवलं की तो चिकटून वर येतो. तोंडाची कड बाहेर वळलेली आणि जाड असेल तर प्युपॉइड्ससारख्यांत तो पूर्ण वाढलेला, कड पातळ धारदार असेल तर बहुतेक पिल्लू, आणि पिल्लांवरनं प्रकार ठरवायला गेलात तर नाकी नऊ येतील. पिल्लं वेगळी मोजा आणि पुढं चला.

आणि प्रत्येक शंखापुढं तीनपैकी एक खूण करायचीच. जिवंत, ताजा मेलेला, जुना. ताज्यावर वरचा पातळ रंगीत थर आणि चकाकी असते, जुना पांढराफटक खडूसारखा झालेला असतो. चुन्याच्या कोरड्या मातीत असला पांढरा शंख वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळं तो सापडला म्हणजे गोगलगाय आज तिथं राहते असं होत नाही. नुसती यादी टाकणाऱ्यांना हे कितीदा सांगायचं कळत नाही.

आता तो कापलेला मार्क. जाळी रिंगला बसवताना पत्र्याची कड आत दुमडून ठोकलेली होती. दिसायला मजबूत, ओढून बघितली तरी हलत नाही. पण दुमडीच्या आत सगळीकडनं एक बारीक फट राहते, आणि त्या फटीत दोन मिलिमीटरचा शंख अगदी फिट बसतो. सौंदत्तीची माती चाळून झाल्यावर चाळण झटकली, ब्रशने साफ केली, सगळं स्वच्छ, आणि घरी उजेडात तिरकी धरल्यावर दुमडीत ओळीने शंख! हाच माल पुढच्या ठिकाणी सुटून पडला तर सौंदत्तीची गोगलगाय अथणीत नोंदली जाणार आणि कुणाला पत्ता लागणार नाही. पिठाच्या चाळणीत ही फट असली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, सर्व्हेच्या चाळणीत हा मोठाच दोष. मी परत घेऊन गेलो. मामांनी कुरकुर न करता आतनं सगळीकडनं डाग (सोल्डर) मारून दिला, पैसे घेतले नाहीत, पण खालच्या चाळणीत जाळी इतकी बारीक की डाग नीट धरला नाही, तिथं मी एम-सील लावून बोटाने गुळगुळीत केलं. आता काही अडकत नाही. तरी प्रत्येक ठिकाणानंतर चाळण उलटी करून ताटात ठोकायची, कडेनं ब्रश फिरवायचा आणि मगच गाडीत टाकायची ही सवय लावून घ्या. जे करून घेणार असतील त्यांनी ऑर्डर देतानाच सांगा, आतनं सांधा भरून पाहिजे.

बारीकसारीक तक्रारी अजून. मधल्या चाळणीची जाळी ओझ्याने खाली झोळ धरते, एक आडवी तार घालून घ्यायला हवी होती. रिंगची वरची धार बोटं कापते, मी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून चढवली, त्यामुळं चाळण्या एकमेकीत घट्ट पण बसायला लागल्या. वजन मात्र आहे, तिन्ही आणि ताट मिळून माळावर लांब चालायचं असेल तर जड होतं, मी बहुतेक वेळा वरची आणि खालची एवढ्याच नेतो आणि मधलं काम घरी करतो.

दुसरं काय काय वापरून बघता येतं तेही लिहितो. लॅबच्या पितळी चाळण्या, आठ इंची, मापाला एकदम चोख, सांध्याला फट नाही, पण एकेक चाळणीची किंमत माझ्या अख्ख्या संचाच्या पुढं जाते आणि आठ इंचात पाच लिटर पाचोळा चाळायचा म्हणजे दिवस तिथंच मावळला. कुणा इंजिनियरिंग कॉलेजात ओळख असेल तर शेवटच्या बारीक कामाला तेवढी मागून आणा. ऑनलाईन बागकामाच्या बदलत्या जाळीच्या चाळण्या मिळतात, मी बघितल्या त्यांत सगळ्यात बारीक जाळी तीन मिलिमीटरची, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप ते सगळे खाली सांडणार. घरातली रव्याची चाळण चालते, खरंच चालते, सुरुवात करायला तीच घ्या, फक्त परत स्वयंपाकघरात ठेवू नका, घरातनं जे ऐकावं लागेल त्याला मी जबाबदार नाही.

पाण्यात तरंगवायची युक्ती पण आहे. रिकाम्या शंखात हवा असते, सुकी माती बादलीत सोडली की माती बसते आणि शंख वर येतात, चहाच्या गाळणीने उचलायचे. काळ्या मातीला ही पद्धत चांगली लागू पडते, पण माती आधी उन्हात खडखडीत वाळवलेली पाहिजे, अर्धवट ओली चिकणमाती पाण्यात गेली की गोळे धरून बसते आणि पूर्ण सुकलेली मात्र आपोआप फुटून विरघळते. फुटके आणि आत माती भरलेले शंख बुडतात, म्हणून खालचा गाळ तीस नंबरवर धुऊन घेतल्याशिवाय फेकायचा नाही. स्टेनलेस जाळीचा फायदा इथं कळतो. जीआय रिंगला मात्र डागाच्या बाजूने गंज दिसायला लागलाय, वापरून झाल्यावर पुसून उन्हात ठेवा.

खानापूरच्या बाजूला ही चाळण नेऊ नका. तिथला पाचोळा ओला, जाळी दोन मिनिटांत लिंपून जाते. शिवाय जांभा दगडाची आंबट माती आणि तो पाऊस, मेलेला शंख तिथं फार दिवस टिकतच नाही, तिकडं पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन जिवंत गोगलगायी बघणं हाच रस्ता. आपल्या कोरड्या भागात जिवंत बघायच्या असतील तर वळवाचा चांगला सपाटून पाऊस झाला की त्याच रात्री निघा, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की परत सगळं बंद.

दोन सूचना, ज्या चाळणीच्या नाहीत पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माळावर दगड उचलताना आपल्याकडं ओढून उचला, म्हणजे दगड तुमच्या आणि आतल्या पाहुण्याच्या मधे राहतो, कारण आत गोगलगायीपेक्षा विंचू जास्त निघतात आणि हा फुरशाचा मुलूख आहे. हातमोजे आणि आकडी लागतेच. बघून झालं की दगड होता तसा, त्याच अंगाला ठेवा. आणि काळ्या मातीची धूळ चाळताना नाकाला मास्क.

लोक विचारतात ते वेगळंच. रस्त्याकडेला फतकल मारून माती चाळणारा माणूस बघितला की गाडी थांबतेच. सोनं शोधताय काय, गुप्तधन काय, हे ठरलेलं. सौंदत्तीकडं एक मेंढपाळ आजोबा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होते, मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये बसवनहुळू, म्हणजे गोगलगाय, म्हटल्यावर त्यांनी काही न बोलता काठीने पलीकडच्या निवडुंगाचं बूड उकरून दाखवलं, आणि त्या सबंध माळावरचा सगळ्यात चांगला माल तिथं मिळाला. ऊस-भाजीपाल्याच्या गावात मात्र लोक आपल्याला शेतकी खात्याचे समजतात, कारण २०२२ साली लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीन फस्त केल्याच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्यात. शंखी गोगलगाय, म्हणजे लिसाकॅटिना फुलिका, ही मूळची आफ्रिकेची, १८४७ मध्ये मॉरिशसमार्गे कलकत्त्यात आणून सोडलेली. ती दिसली तर फोटो, जागा, तारीख नोंदवा, उघड्या हाताने धरू नका, तिच्यातनं परजीवी कृमी माणसापर्यंत येऊ शकतात. पण शेतकऱ्याला हेही सांगा की माळावरच्या या बारक्या देशी गोगलगायी त्याच्या पिकाच्या वाटेला सहसा जात नाहीत, कुजका पाचोळा, बुरशी असलं खाऊन राहतात, त्यांच्यावर मीठ-औषध मारायचं कारण नाही.

माल डबीत भरताना चिठ्ठी आत टाका, पेन्सिलने लिहिलेली, ठिकाण, जीपीएस, तारीख, कशाखाली मिळाला. पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते. कोरडे शंख कापसावर, जिवंत सापडलेल्यांचे नमुने ठेवायचेच असतील तर अगदी मोजके आणि अल्कोहोलमध्ये. नाव लावता येत नसेल तर लावू नका, भारतात जमिनीवरच्या गोगलगायींचे प्रकार हजाराच्या वर आहेत आणि फोटोवरनं त्यातले निम्मेही सुटत नाहीत. पुण्यात आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे, नीट चिठ्ठ्या लावलेला माल असेल तर विचारायला जाता येतं.

किंमत हजाराच्या आतबाहेर पडली, जाळीचा भाव वरखाली होतो त्यामुळं नक्की आकडा सांगत नाही. तयार मिळत नाही, माप देऊन करून घ्यावी लागते, चार-आठ दिवस धरा. सांगताना चार गोष्टी सांगा, स्टेनलेस जाळी, आतनं सांधा भरलेला, मधल्या चाळणीला आडवी तार, वरची धार वळवलेली. आणि लग्नसराईत किंवा गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, मामांना तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, कामाचं कबूल करतील आणि दिवाळीला देतील.